एक चौरस मीटर ऊन

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नवीकरणीय ऊर्जेचा धडा तुमच्या पुस्तकात असतोच. सौर, पवन, जल, जैव अशी यादी तुम्ही पाठ करता, फायदे-तोटे लिहिता आणि मार्क मिळवता. ती यादी मी आज म्हणून दाखवणार नाही. आज आपण एवढंच करू, की संग्रामपूर तालुक्यातल्या कुठल्याही अंगणात खडूनं एक चौकोन आखू, एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद. त्या चौकोनावर किती ऊन पडतं आणि त्यातून आपल्याला काय काय मिळू शकतं, याचा हिशेब मांडू. मी या भागात बरीच वर्षं विज्ञान शिकवलं आहे. ऊर्जेबद्दल मुलांचे आणि मोठ्यांचेही बहुतेक गोंधळ हा हिशेब न केल्यामुळे होतात, असं मला वाटतं.

पृथ्वीच्या वातावरणाबाहेर, सूर्याकडे तोंड केलेल्या एक चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. हवेतून खाली येताना त्यातली काही वाटेत शोषली जाते, काही विखुरते. निरभ्र दुपारी आपल्या चौकोनावर साधारण १००० वॅट पोचतात. जुने शंभर वॅटचे दहा बल्ब एकदम लावावेत, तेवढे. पण दुपार काही दिवसभर नसते. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन, ढग, धूळ हे सगळं धरलं, तर वर्षाची सरासरी दिवसाला पाच-साडेपाच युनिटच्या आसपास येते. एप्रिल-मेमध्ये ती सहाच्या वर जाते, श्रावणातल्या झडीत बरीच खाली येते. वर्षाचे झाले दोन हजार युनिट. लहान घराचं महिन्याचं बिल साठ-सत्तर युनिटचं असतं, हे लक्षात घेतलं तर चौकोन चांगलाच श्रीमंत दिसतो. पण हे ऊन पातळ पसरलेलं असतं. ते गोळा करताना, एका रूपातून दुसऱ्या रूपात नेताना मोठा हिस्सा हातातून निसटतो, आणि तो किती निसटतो यावर सगळं अवलंबून असतं.

पहिलं गिऱ्हाईक सौर पॅनल. १८३९ साली फ्रान्समध्ये एडमंड बेकेरेल नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा वडिलांच्या प्रयोगशाळेत काम करत होता. द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पट्ट्यांवर प्रकाश पाडला की वीज निर्माण होते, हे त्याला दिसलं. प्रकाश हा ऊर्जेच्या छोट्या छोट्या पुड्यांसारखा वागतो, असं आइन्स्टाइननं १९०५ मध्ये मांडलं. आणि १९५४ मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेनं सिलिकॉनचा पहिला कामाचा सौर घट लोकांना दाखवला. त्याची कार्यक्षमता शंभरात सहा होती. आज बाजारात मिळणारी पॅनलं वीस-बावीसच्या घरात आहेत.

मग शंभरात शंभर का नाहीत? शेतातल्या धुऱ्याचं उदाहरण घेऊ. सिलिकॉनमधला इलेक्ट्रॉन धुऱ्याच्या अलीकडे बसलेला आहे. त्याला पलीकडे उडी मारता आली, तरच वीज मिळते. प्रकाशाची एक पुडी एका इलेक्ट्रॉनला एकदाच ढकलते. डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांपैकी बऱ्याच पुड्या इतक्या दुबळ्या असतात, की उडी धुऱ्यापर्यंतच पोचत नाही. त्या वाया गेल्या. निळ्या-जांभळ्या प्रकाशाची पुडी दांडगी असते, तिच्या धक्क्यानं इलेक्ट्रॉन धुऱ्याच्या दोन हात वरून जातो. पण जास्त उंच उडी मारली म्हणून जास्त वीज मिळत नाही. वरची सगळी ऊर्जा उष्णता होऊन पॅनल तापवते. मुख्यतः या दोन कारणांमुळे एकेरी सिलिकॉन घटाची मजल शंभरात तेहतिसापर्यंत संपते, हे गणित १९६१ मध्ये मांडलं गेलं आहे. तार, काच, धूळ यांची गळती वेगळीच.

इथं मला नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न येतो. सौर पंप बसवलेल्या शेतकऱ्यांनी तो मला एकदा नव्हे, अनेकदा विचारला आहे. "सर, ऊन तं एवढं तापते, मंग मे महिन्यात पाणी कमी काऊन येते?" विहिरीची पातळी खाली गेलेली असते, हे एक कारण झालं. पण दुसरं कारण पॅनलमध्येच आहे. आपण 'ऊन' हा एकच शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो, उजेडासाठी आणि तापमानासाठी. पॅनलला हवा असतो तो उजेड. ताप त्याला सोसत नाही.

कारखान्यात पॅनलची ताकद मोजतात ती २५ अंश तापमानाला. आपल्याकडे मेमध्ये हवाच ४४-४५ अंशांवर जाते. वारा पडलेला असेल, तर उन्हात उभं पॅनल ६५-७० अंशांपर्यंत तापतं. सिलिकॉन तापला की त्यातले अणू जास्त थरथरतात, मघाचा धुरा थोडा बुटका होतो, पलीकडे गेलेले इलेक्ट्रॉन पुन्हा अलीकडे घसरायला लागतात आणि व्होल्टेज उतरतं. प्रत्येक अंशामागे नेहमीच्या पॅनलची ताकद साधारण ०.४ टक्क्यानं घटते, नव्या चांगल्या पॅनलची त्याहून थोडी कमी. चाळीस अंश जास्त म्हणजे सोळा टक्के गेले. फेब्रुवारीतली स्वच्छ, गार वाऱ्याची दुपार पॅनलला मे महिन्यापेक्षा जास्त मानवते ती अशी. पॅनल पत्र्याला चिकटवून न बसवता खालून हवा खेळेल असं उंचावर का बसवतात, त्याचं उत्तरही यातच आहे.

हे तपासून पाहायचं असेल, तर खेळण्यातलं छोटं पॅनल आणि शाळेतला मल्टिमीटर पुरे. अर्धा तास उन्हात ठेवून व्होल्टेज वाचा. मग पॅनल न हलवता पाठीमागून ओलं फडकं लावा आणि पुन्हा वाचा. आकडा वर चढताना दिसेल. मोठ्या पॅनलवर मात्र हा उद्योग करू नका, त्यात जिवाला धोका होईल इतकी वीज असते.

पॅनल कसं ठेवायचं हेही भूगोलातच लिहिलेलं आहे. संग्रामपूर २१ उत्तर अक्षांशाच्या जवळ आहे. म्हणून दक्षिणेकडे तोंड आणि जमिनीशी सुमारे २१ अंशांचा उतार ठेवला, की वर्षभराचा मेळ बसतो. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारीसुद्धा पंचेचाळीस अंशांच्या आसपासच चढतो.

आता आपल्या चौकोनाचं उत्पन्न. सगळी गळती वजा करता पॅनलचा एक चौरस मीटर दिवसाला सरासरी पाऊण ते एक युनिट वीज देतो. एवढी वीज कोळशावर तयार करायला साधारण अर्धा ते पाऊण किलो कोळसा जाळावा लागतो. पारसच्या वीज केंद्राजवळून जाताना दिसणारा कोळशाचा ढीग आठवा म्हणजे अंदाज येईल. या विजेनं तीस मीटर खोलीवरचं पाणी उपसलं, तर पंपाची आणि पाइपाची गळती धरून पाच हजार लिटरच्या आसपास पाणी वर येतं. पाणी साठ मीटरवर गेलं की निम्मं येतं. यात पंपाचा दोष नाही, गुरुत्वाकर्षणाचा हिशेबच तसा आहे.

राज्यात २०२४ पासून 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू आहे. अडीच एकरांपर्यंत तीन अश्वशक्तीचा, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप अशी तिची रचना आहे. तीन अश्वशक्ती म्हणजे सव्वादोन किलोवॅट. तरी पॅनलं मात्र तीन किलोवॅटची लावतात. जास्तीची पॅनलं कशाला, असं कुणी विचारलं तर आता तुम्ही सांगू शकाल. ती ताप, धूळ आणि सकाळचं तिरपं ऊन यांच्यासाठी आहेत. ही पॅनलं साधारण पंधरा चौरस मीटर भरतात. तीस मीटर खोलीवरून ती दिवसाला पाऊण लाख लिटर पाणी काढतील. एका एकरावर एक इंच पाणी उभं करायला लाखभर लिटर लागतं. म्हणजे मोकळं पाणी सोडणाऱ्याला हे अपुरं वाटेल, ठिबकवाल्याला पुरेल. आणि रात्रीच्या विजेसाठी अंधारात, साप-विंचवाच्या भीतीत धुऱ्यावरून चालत जाणं थांबतं. आकड्यांत न येणारा हा फायदा मला सगळ्यांत मोठा वाटतो.

सूर्य मावळला की पॅनल थांबतं, ही तक्रार खरी आहे. निसर्गानं ऊन साठवायची स्वतःची पद्धत केव्हाच काढलेली आहे. आपल्या चौकोनात कपाशी पेरली आणि हंगाम संपल्यावर पऱ्हाटी उपटून वाळवली, तर दोनशे-तीनशे ग्रॅम भरेल. ती जाळली तर जेमतेम एक-सव्वा युनिट उष्णता मिळेल. म्हणजे पॅनल एका दिवसात जी ऊर्जा देतं, जवळपास तेवढी पऱ्हाटीनं वर्षभरात जमवली. पानं सूर्यप्रकाशातला शंभरात एक भागही साठवत नाहीत. पण पऱ्हाटीची कांडी गंजीत पडून राहते आणि सहा महिन्यांनी चुलीत तितकीच पेटते, विजेला ते जमत नाही. शिवाय पऱ्हाटीनं कापूस दिला, सरकी दिली, हेही विसरता येत नाही. ती शेतातच पेटवून देण्यापेक्षा तिचा भुगा दाबून कांड्या केल्या, तर कारखान्याच्या बॉयलरला चालतात. पंपाच्या बाबतीत मात्र साठवणीचं कोडं सोपं आहे. वीज साठवण्याऐवजी पाणीच टाकीत किंवा शेततळ्यात साठवायचं.

इथवरचा हिशेब कुठल्याही तालुक्याला लागू पडेल. आपल्याकडे मात्र पुढचा प्रश्न उभाच असतो. उपसलेलं पाणी कसं आहे?

सातपुड्याच्या पायथ्याला सोनाळा, टुनकी या बाजूला विहिरीचं पाणी गोडं आहे, संत्र्याच्या बागा आहेत. तिथून दक्षिणेला पूर्णेकडे उतरत गेलं की खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. पूर्णेच्या खोऱ्यात शेकडो मीटर जाडीचा गाळ साठला आहे. त्यातून पाण्याचा निचरा नीट होत नाही. पाणी वर येतं, उन्हानं उडून जातं आणि क्षार मागं राहतात. खारेपणाचं हे एक महत्त्वाचं कारण आहे. म्हणजे ज्या उन्हाचं एवढं कौतुक आपण करतो आहोत, त्याचाही या खारेपणात हात आहे.

पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा इलाजच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असं भारतीय मानक सांगतं. खारपाणपट्ट्यातल्या कितीतरी विहिरी या दुसऱ्या मर्यादेच्याही पलीकडे आहेत. मूत्रपिंडाच्या आजारांची काळजी या गावांत घरोघर आहे. मी डॉक्टर नाही, म्हणून कारणांच्या वादात शिरत नाही. पण फुकटची वीज मिळाली म्हणून खारं पाणी दिवसभर शेतात सोडणाऱ्यांना मी एक सांगतो. त्या पाण्यातलं सोडियम काळ्या मातीचे कण सुटे करतं. ओली असताना ती माती लोण्यासारखी पसरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. सौर पंप पाणी वर आणतो, ते गोडं करत नाही.

मग ऊन वापरून पाणी गोडं करता येईल का? येईल, आणि ते करायचे दोन अगदी वेगळे मार्ग आहेत. त्यांतला फरक समजला की निम्मं ऊर्जाशास्त्र समजलं, असं मी मुलांना म्हणायचो.

पहिला मार्ग ऊर्ध्वपातनाचा. काळ्या रंगाचं उथळ तसराळं घ्यायचं, त्यात खारं पाणी ओतायचं आणि वर तिरपी काच ठेवून कडा बंद करायच्या. ऊन आत शिरतं, पाण्याची वाफ होते, काचेवर थंड होऊन थेंब ओघळतात आणि पन्हळीतून बाटलीत पडतात. आम्ही शाळेत अर्ध्या चौरस मीटरचं असं यंत्र केलं होतं. मार्चमधल्या एका दिवसात दीड लिटर पाणी निघालं. बाटली रिकामी व्हायला पाच मिनिटंही लागली नाहीत, वर्गातल्या प्रत्येकाला चव पाहायची होती. तसराळ्याच्या तळाशी उरलेला पांढरा थर त्यानंतर कितीतरी दिवस मुलं एकमेकांना दाखवत होती.

ही युक्ती जुनी आहे. दक्षिण अमेरिकेत चिलीच्या वाळवंटात लास सालिनास इथं १८७२ मध्ये चार हजार चौरस मीटरहून मोठं असं यंत्र उभं राहिलं. दिवसाला वीस हजार लिटरहून जास्त गोडं पाणी ते देत असे. खाणीवरच्या खेचरांची तहान त्यावर भागायची. म्हणजे चौरस मीटरला पाचेक लिटर. आपल्या चौकोनातून सरासरी तीन-चार लिटर धरा. एवढंच का? कारण एक लिटर पाण्याची वाफ करायला त्याला अप्रकट उष्मा द्यावा लागतो, आणि तो असतो सुमारे ०.६५ युनिट. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. ती मिठी सोडवायची किंमत चुकवावीच लागते, त्यात सवलत नाही.

दुसरा मार्ग तुमच्या गावातल्या 'आरओ'चा. त्यात पाण्याची वाफ होतच नाही. पाणी दाबानं एका पडद्यातून ढकलतात. पाणी पार जातं, क्षार बहुतांशी अलीकडे राहतात. पडद्यातून ढकलायचे कष्ट मिठी सोडवण्यापेक्षा कितीतरी कमी. मध्यम खाऱ्या पाण्यासाठी हजार लिटरमागे एक-दोन युनिट वीज पुरते. वाफेच्या मार्गानं त्याच हजार लिटरला साडेसहाशे युनिट लागतात. म्हणजे तसराळं ठेवलं तर आपल्या चौकोनातून तीन-चार लिटर पाणी निघतं. त्याच जागी पॅनल ठेवून त्याची वीज आरओला दिली, तर काही शे लिटर निघतं.

मग तसराळं फेकून द्यायचं का? मी देणार नाही. आरओला पडदा बदलावा लागतो, पंप लागतो, माणूस लागतो. शिवाय आत गेलेल्या पाण्याचा बराचसा भाग आणखी खारट होऊन बाहेर येतो आणि तो बऱ्याच ठिकाणी शेजारच्या नालीत, तिथून पुन्हा जमिनीत जातो. गावोगाव आरओ बसले, पण त्या बाहेर पडणाऱ्या पाण्याचा विचार फार थोड्या ठिकाणी झालेला मला दिसला. तसराळ्यात एकही फिरता भाग नाही. शाळेच्या प्रयोगशाळेला किंवा बॅटरीत घालायला शुद्ध पाणी हवं असेल, तर त्याच्यासारखी सोय नाही.

आणखी एक ऊर्ध्वपातन यंत्र आहे, ज्याकडे आपण यंत्र म्हणून बघत नाही. समुद्रावर ऊन पडतं, वाफ वर जाते, सातपुड्यावर थंड होते आणि पाऊस पडतो. क्षार समुद्रातच राहतात. वान नदीवर वारीजवळ जे धरण आहे, त्यातलं पाणी याच यंत्रानं गाळलेलं आहे, आणि जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांतल्या १४० गावांची पाणीपुरवठा योजना याच धरणावर आखलेली आहे. आता पुन्हा आपल्या खडूच्या चौकोनाकडे या. आपल्या भागात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस पडतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. म्हणजे चौकोनावर वर्षाला सातशे-आठशे लिटर गोडं पाणी आपोआप येऊन पडतं. त्याची वाफ करायला सूर्यानं पाचशे युनिट आधीच खर्च केले आहेत. आपलं काचेचं तसराळं वर्षभर राबून साधारण हजार लिटर देईल. दोन्ही आकडे किती जवळ आहेत बघा! पन्नास चौरस मीटरच्या पत्र्यावर, वाया जाणारं वगळूनही, पावसाळ्यात तीस हजार लिटर पाणी पडतं. पाच माणसांच्या घराला प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला पंचवीस-तीस लिटर धरले, तर ते जवळजवळ तीन वर्षांचं होतं. अडचण टाकीची आहे. एवढी मोठी टाकी कुणाला परवडत नाही. पण पाच हजार लिटरची टाकीसुद्धा पाऊस थांबल्यापासून पाच-सहा महिने काढून देते. म्हणून माझा क्रम असा आहे. खारपाणपट्ट्यात आधी पत्र्याला पन्हळ, मग पॅनल.

पहिल्या दोन पावसांचं पाणी मात्र टाकीत घेऊ नका, त्यात पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. टाकीवर झाकण आणि जाळी हवीच. ज्यांच्याकडे पॅनल आहे, त्यांनी थोडं पावसाचं पाणी त्याच्यासाठीही राखून ठेवावं. खारपाणपट्ट्यात बरेच जण विहिरीच्याच पाण्यानं पॅनल धुतात. पाणी वाळतं, क्षार काचेवर राहतात आणि दर आठवड्याला पांढरा पापुद्रा जाड होत जातो. काही महिन्यांनी पॅनल कंपनीनं फसवलं, अशी तक्रार सुरू होते. पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून डाग पडत नाहीत. धुवायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत आणि मऊ फडक्यानं. दुपारी सत्तर अंशांवर तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं, तर ती तडकू शकते.